गाडीचा रंग फिका पडलाय? रबिंग मारण्याआधी ‘कल्हई’ किती उरली आहे ते बघा

गाडी सात-आठ वर्षांची. इंजिन ठणठणीत, टायर नुकतेच बदललेले, आतून स्वच्छ. पण बॉनेट आणि टप मात्र असे दिसतात, जणू कुणी त्यावर भाताची पेज सांडली आणि तशीच वाळू दिली. विकायला काढली की येणारा माणूस आधी बॉनेटवरून हात फिरवतो आणि मगच किंमत सांगतो. मग कुणीतरी म्हणतं, “अरे, रबिंग मार, नवी दिसेल.”

खरं आहे, नवी दिसते. पहिल्यांदा दिसते, दुसऱ्यांदाही दिसते. तिसऱ्या-चौथ्यांदा मात्र बॉनेटवर पांढरे नकाशे उमटायला लागतात आणि मग कोणतंही पॉलिश उपयोगाचं राहत नाही. असं का होतं, आणि घरच्या घरी गाडीचा रंग परत आणायचा असेल तर काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, ते नीट समजून घेऊ.

भंडारा जिल्ह्यातल्या लोकांना हे समजायला अवघड नाही. भंडाऱ्याची ओळख पितळी भांड्यांची. पितळेचा हंडा काळा पडला की चिंच, राख किंवा पीतांबरी घेऊन घासायचा, तो पुन्हा सोन्यासारखा चमकतो. दर दिवाळीला घासला तरी बिघडत नाही, कारण वरचं पितळ गेलं तरी खाली पितळच असतं. पण त्याच पितळी पातेल्याला आतून कल्हई केलेली असेल तर? तिथे राखेने रगडून चालत नाही. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो गेला की आतलं पितळ उघडं पडतं आणि आंबट पदार्थ कळकतो. आजच्या गाडीवरची चमक ही पितळासारखी नाही, कल्हईसारखी आहे. पुढचं सगळं या एका फरकावर अवलंबून आहे.

ही कल्हई असते तरी किती जाड?

कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. पत्र्याला चिकटलेला पहिला थर गंज रोखणारा. त्यावर प्रायमर. त्यावर प्रत्यक्ष रंग, ज्याला बेस कोट म्हणतात. आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपले डेंटिंग-पेंटिंगवाले त्याला लॅकर म्हणतात. गंमत म्हणजे रंगाच्या थराला स्वतःची चमक नसते, तो जवळजवळ मॅटच असतो. आपल्याला जी चमक दिसते ती सगळी या पारदर्शक थराची.

हे चारही थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. ही किती, हे कळायला सोपा हिशोब आहे. ३१ डिसेंबर २०२२ पासून देशात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक कॅरीबॅगवर बंदी आहे. म्हणजे तुमच्या गाडीचं सगळं रंगकाम, पत्र्यापासून वरपर्यंत, बाजारातल्या एका कायदेशीर कॅरीबॅगच्या पापुद्र्याएवढं आहे. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाच्या केसापेक्षाही पातळ.

आता यातून किती घासून काढता येतं? रंगकामातल्या जाणकारांमध्ये असा ठोकताळा आहे की, गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून क्लिअर कोटचे सात-आठ मायक्रॉनच काढावेत. याचं कारण जाडीपुरतं नाही. या थरात उन्हातली अतिनील किरणं शोषून घेणारी रसायनं मिसळलेली असतात. थर पातळ झाला की ते संरक्षणही कमी होतं आणि उरलेला थर आणखी लवकर उडतो. मशीनवर कडक कंपाउंड लावून एकदा जोरात रबिंग केलं तर दोन-चार मायक्रॉन सहज जातात. म्हणजे दर दिवाळीला रबिंग करणाऱ्याचं खातं तीन-चार वर्षांत रिकामं होतं.

मग जुने मेकॅनिक दरवर्षी रबिंग करा असं का सांगायचे?

ते चुकत नव्हते. त्यांच्या हाताखालून अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी गेलेल्या. त्या गाड्यांना ‘सिंगल स्टेज’ रंग असायचा. वेगळा क्लिअर कोट नाही, रंग आणि चमक एकाच थरात, आणि तो थरही भरपूर. वरचा भाग उन्हाने खडूसारखा झाला की तो घासून काढायचा, खालून ताजा रंग निघायचा. अगदी पितळेसारखं. जगभरात १९८० च्या दशकात क्लिअर कोटची पद्धत रुळली, पुढे आपल्याकडेही आली. रंग बदलला, सल्ला मात्र तोच राहिला.

तुमच्या गाडीला कोणता रंग आहे ते घरीच तपासता येतं. एखाद्या कोपऱ्यात, जिथे सहसा नजर जात नाही तिथे, पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर सिंगल स्टेज. फडकं फक्त मळकट झालं तर वर क्लिअर कोट आहे. पांढऱ्या गाडीवर ही चाचणी फसते, कारण पॉलिशही बहुतेक वेळा पांढरंच असतं. तिथे पॉलिश न लावता काळं ओलं फडकं घासून बघा, खडूसारखी पांढरी पूड येते का ते. मेटॅलिक रंगाची आजची गाडी असेल तर तपासायची गरज नाही, तिच्यावर क्लिअर कोट असतोच.

शहापूरच्या हवेत नेमकं काय बिघडतं?

शहापूर हे भंडारा शहराजवळचं, राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचं गाव. आजूबाजूला धानाची शेती, राईस मिल, बाजूने चोवीस तास धावणारे ट्रक. इथे उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीला चार-पाच शत्रू आहेत आणि प्रत्येकाची काम करायची तऱ्हा वेगळी आहे.

पहिला अर्थात ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा उन्हातल्या गडद रंगाच्या बॉनेटचा पत्रा ७० अंशांच्या पुढे सहज तापतो. पण रंग खराब करण्यात उष्णतेपेक्षा अतिनील किरणांचा वाटा मोठा. ती क्लिअर कोटमधली साखळी तोडत राहतात. म्हणूनच टप, बॉनेट आणि डिकीचा वरचा भाग आधी जातो, दारं बरीच वर्षं चांगली राहतात.

दुसरा शत्रू धूळ, आणि इथली धूळ साधी नाही. धानाच्या तुसात सिलिका भरपूर असते. तूस जाळल्यावर जी राख उरते ती तर जवळपास सगळी सिलिकाच. म्हणजे वाळूचीच बहीण. राखेने भांडी का निघतात, याचं एक उत्तर तिच्या या खरखरीतपणातही आहे. रस्त्याच्या धुळीतही गारगोटीचे बारीक कण असतातच. सकाळी गाडी बाहेर काढताना कोरड्या फडक्याने किंवा पिसांच्या झटकणीने जी ‘पुसून काढतो’ आपण, तेव्हा प्रत्यक्षात आपण गाडीला पॉलिश पेपर मारत असतो. उन्हात बघितलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात ना, ते बहुतांश वेळा याच रोजच्या फडक्याचे. रंग ‘जुना झाला’ असं आपण म्हणतो. खरं तर तो पुसून पुसून मारलेला असतो.

तिसरा शत्रू वरून पडतो. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, मार्च-एप्रिलमध्ये मोहाची गळणारी फुलं. विष्ठा आम्लधर्मी असते, पण नुकसान तेवढ्यानेच होत नाही. तापलेला क्लिअर कोट थोडा मऊ होऊन पसरतो, रात्री थंड होताना आकसतो, आणि वर वाळलेल्या विष्ठेचा खडबडीत ठसा त्यात उमटून राहतो. त्यामुळे उन्हाळ्यात ती एक दिवसही ठेवू नका. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं वर ठेवायचं, भिजू द्यायचं आणि उचलून घ्यायचं. नखाने खरवडायचं नाही.

चौथा शत्रू बोअरचं पाणी. त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळल्यावर गाडीवर राहतात आणि पांढरी वर्तुळं उमटतात. घरातल्या नळाच्या तोंडाशी जो पांढरा थर जमतो, तोच हा. ताजे डाग असतील तर पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून फडकं भिजवा, डागावर मिनिटभर ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. थंड पत्र्यावर, सावलीत. महिनोन्‌महिने राहिलेले डाग क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडतात, ते व्हिनेगरने जात नाहीत.

काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं फक्त बघा

गाडी धुऊन सावलीत घ्या. फिक्या भागावर थोडं पाणी ओता आणि ओल्या अवस्थेत बघा. ओलं असताना फिकेपणा आणि ओरखडे गायब होत असतील तर चांगली बातमी आहे. इजा क्लिअर कोटच्या वरच्या भागातच आहे आणि पॉलिशने ती बरीच जाईल.

मग ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा उथळ आहे. अडकत असेल तर तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही. तो पूर्ण घालवायच्या नादात आजूबाजूचा थर खलास होईल. त्याच्या कडा गुळगुळीत करून नजरेला कमी दिसेल एवढं करावं आणि थांबावं.

आता वाईट बातमी. पांढऱ्या किंवा फिक्या ठिपक्याला स्पष्ट कड असेल, बोट फिरवल्यावर ती कड जाणवत असेल, किंवा उन्हाने सोललेल्या कातडीसारखे पापुद्रे निघत असतील, तर तिथे क्लिअर कोट सुटलेला आहे. त्या पॅनेलवर पॉलिशचा एक थेंबही वाया घालवू नका. समाजमाध्यमांवर ‘पाच मिनिटांत नवी गाडी’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात, त्यात अशा पॅनेलवर काहीतरी तेलकट लावून ओल्यासारखी चमक आणलेली असते. दोन धुण्यात ती उतरते.

गाडी जुनी घेतलेली असेल तर आणखी एक तपासणी. फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक पत्र्यावर ठिकठिकाणी लावून बघा. जिथे पकड ढिली वाटते तिथे खाली लांबी भरून पुन्हा रंग मारलेला असण्याची शक्यता आहे. असा रंग कारखान्याच्या रंगाइतका कडक नसतो, तिथे हात हलका ठेवा. बंपर प्लास्टिकचा असतो, त्याला चुंबक लागणार नाही. घाबरू नका.

धुणं: निम्मं काम इथेच

अनेक गाड्यांना पॉलिशची गरजच नसते, त्यांना एकदा नीट धुण्याची गरज असते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. आधी नुसत्या पाण्याने, फडकं न लावता, सगळी सुटी धूळ वाहून जाऊ द्या. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून लोक गाळतात. नवे ओरखडे तिथेच पडतात.

दोन बादल्या घ्या. एकीत कार शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा किंवा फडकं शॅम्पूत बुडवायचं, एक पॅनेल धुवायचं, साध्या पाण्यात खंगाळायचं, मगच पुन्हा शॅम्पूत घालायचं. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जमलेली माती बघितली की ही पद्धत कशासाठी ते कळतं. टपापासून सुरुवात करून खाली यायचं. दारांचा खालचा भाग आणि चाकं शेवटी, वेगळ्या फडक्याने. तिथे ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण असतात.

कपड्याची पावडर चालेल का? नाही, ती बरीच अल्कधर्मी असते. भांड्यांचा लिक्विड साबण? तो आधीचं वॅक्स धुऊन काढतो. पॉलिश करायच्या दिवशी एकदा वापरला तर चालेल, दर आठवड्याला नको. वाळवायला जुना बनियन किंवा सुती दुपट्टा नको, मोठं मायक्रोफायबर घ्या. ते घासायचं नाही, पसरवून ठेवायचं आणि ओढून घ्यायचं. ते जमिनीवर पडलं तर त्या दिवसापुरतं बाद.

हात गुळगुळीत लागतो का?

धुतलेल्या, वाळलेल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिक पिशवी हातात घालून बोटं फिरवा. उघड्या हाताला न जाणवणारी खरखर पिशवीतून चटकन जाणवते. ही खरखर म्हणजे रुतून बसलेले लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे, वाळलेला चीक. ते काढायला क्ले बार मिळतो, लहान मुलांच्या मातीच्या खेळण्यासारखा मऊ गोळा. पत्र्यावर शॅम्पूचं पाणी किंवा त्याच्यासोबत येणारा द्रव भरपूर फवारायचा आणि गोळा हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायचा. कोरडा कधीच नाही. तो मळला की दुमडून स्वच्छ बाजू वर आणायची. खाली पडला तर हळहळ न करता फेकून द्यायचा, कारण आता त्यात खडे आहेत. डांबराचे ठिपके असतील तर आधी टार रिमूव्हर वापरा, म्हणजे क्लेने रगडावं लागणार नाही.

आता पॉलिश. पण कोणतं?

दुकानात तीन वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि लोक त्यांना एकच समजतात. कंपाउंड म्हणजे जाड कापणारं, ते थर काढतं. पॉलिश म्हणजे बारीक कापणारं, तेही थोडा थर काढतंच. वॅक्स काहीच काढत नाही, ते वर बसतं. थ्री एम, वॅक्सपोल, टर्टल वॅक्स अशा नावांनी या वस्तू मिळतात. नाव कोणतं यापेक्षा डबीवर यापैकी कोणता प्रकार लिहिलाय ते वाचा.

नियम एकच: सगळ्यात सौम्य वस्तूपासून सुरुवात. बॉनेटवर एक फूट बाय एक फूट चौकोन मास्किंग टेपने आखा आणि फक्त तिथे सौम्य पॉलिश करून बघा. समाधान झालं तर सगळ्या गाडीला तेच. नाही झालं, तरच त्या चौकोनात कंपाउंड वापरून पाहा आणि त्यावर पुन्हा पॉलिश करा. थेट कंपाउंडवर उडी मारू नका.

हाताने करायचं असेल तर फोमचं पॅड घ्या, त्यावर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. एका वेळी एक-दीड फुटाचाच भाग. आधी उभ्या रेषांत, मग आडव्या रेषांत, मध्यम दाबाने मिनिट-दोन मिनिटं. गोल गोल फिरवण्याची सवय सोडा. हाताने करताना राहिलेल्या खुणा सरळ रेषेत असल्या तर कमी नजरेत येतात. पॉलिशचा पातळ, पारदर्शक थर उरला की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. उन्हात किंवा तापलेल्या पत्र्यावर हे काम केलं तर पॉलिश वाळून चिकटतं आणि ते काढताना नवे ओरखडे पडतात. शहापुरात एप्रिल-मे महिन्यात या फंदात पडूच नये. नोव्हेंबर ते जानेवारी हा यासाठी उत्तम काळ.

फसायची एक जागा आहे. बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं असतात, ती ओरखड्यांत भरून बसतात आणि ओरखडे गेल्यासारखे वाटतात. खरं काय ते बघायचं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेवढंच पाणी मिसळून तो चौकोन पुसा. मग दिसतं ते खरं.

कडा, दारांच्या घड्या, बॉनेटवरच्या उंच रेघा या ठिकाणी रंग मुळातच पातळ बसलेला असतो. तिथे टेप लावा किंवा हात फिरवूच नका. रबिंगने ‘जळालेल्या’ गाड्या बघा, पहिला पांढरा पट्टा बहुतेक वेळा अशा कडेवरच असतो.

सगळी गाडी हाताने करायला पूर्ण दिवस लागतो आणि खांदे दुखतात, हे आधीच सांगून ठेवतो. एका रविवारी बॉनेट आणि टप, पुढच्या रविवारी बाकीचं, असं केलं तरी काही बिघडत नाही.

मशीन घ्यायचीच असेल तर ड्युअल अॅक्शन पॉलिशर. त्याचं पॅड फिरता फिरता डोलतंही, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही आणि नवशिक्याच्या हातून चूक झाली तरी निभावते. मात्र घरात पडलेल्या अँगल ग्राइंडरला फोमचं पॅड लावून पॉलिश करायचा जुगाड करू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. पॉलिशसाठी लागतात साधारण हजार ते दोन-अडीच हजार. काही सेकंदांत क्लिअर कोट भाजून निघतो, आणि पॅड सुटून तोंडावर आलं तर गाडीची चिंता करायला वेळ राहत नाही.

घरातल्या इतर ‘रामबाण’ उपायांचं काय?

टूथपेस्ट: तिच्यात बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे एखादा उथळ ओरखडा थोडा पुसट होतो. पण पूड किती बारीक ते प्रत्येक पेस्टमध्ये वेगळं. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर ती काही दिवस काम करते, मग काच, म्हणजे खरं तर प्लास्टिक, पुन्हा पिवळं होतं, कारण वरचा संरक्षक थर राहिलेला नसतो.

खोबरेल तेल, डिझेल, रॉकेल: चमक येते ती ओलेपणाची. संध्याकाळपर्यंत महामार्गाची सगळी धूळ तिला चिकटते. पुन्हा ती पुसायला फडकं, पुन्हा ओरखडे. रॉकेलने रबर आणि प्लास्टिकही खराब होतं.

पीतांबरी, राख, भांड्यांची घासणी, तारेची तर सोडाच: भांड्यांसाठी आहेत, भांड्यांसाठीच ठेवा.

वॅक्स लावलं नाही तर केलेलं वाया

ताजं पॉलिश केलेला पृष्ठभाग उघडा असतो. त्यावर त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट चढवा. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळतं. त्याची चमक सुंदर, पण आपल्या उन्हाळ्यात ते काही आठवड्यांतच उतरतं. कृत्रिम सीलंट काही महिने टिकतो. विदर्भातल्या उघड्यावरच्या गाडीला माझ्या मते सीलंटच घ्यावा, चमक थोडी कमी वाटली तरी. ‘सिरॅमिक’ लिहिलेले स्प्रेही चांगले असतात, फक्त डबीवर जेवढी वर्षं लिहिली असतील तेवढ्यांवर विसंबू नका. पातळ थर लावा. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसायला जड जातं. रंग न केलेल्या काळ्या प्लास्टिकला वॅक्स लागू देऊ नका, पांढरे डाग बसतात. मॅट रंगाच्या गाडीला तर पॉलिश आणि साधं वॅक्स दोन्ही वर्ज्य. आणि नुकतंच रंगकाम करून घेतलं असेल तर निदान महिनाभर थांबा, खालच्या थरातलं थिनर बाहेर पडायला वेळ लागतो.

फेब्रुवारीअखेर एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, एवढं पुरतं. सीलंट नीट असेल तर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहतात. ते पसरायला लागले की पुढचा हात द्यायची वेळ झाली.

कव्हरबद्दल थोडं. धुळकट गाडीवर चढवलेलं कव्हर वाऱ्याने हलतं आणि दिवसभर घासत राहतं. पावसात ओलं झालेलं कव्हर तसंच ठेवलं तर आत दमट वाफ कोंडते. साधा पत्र्याचा किंवा शेडनेटचा आडोसा जमत असेल तर तो कोणत्याही कव्हरपेक्षा चांगला.

दगडाने टवका उडाला असेल तर

महामार्गावर ट्रकच्या मागे चालणाऱ्या गाडीला हे चुकत नाही. इथे प्रश्न दिसण्याचा कमी, गंजाचा जास्त. टवक्यात राखाडी प्रायमर दिसत असेल तर थोडा वेळ आहे. पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याच्या आधी बुजवा, कारण गंज रंगाखालून आडवा पसरतो आणि वरून फक्त फुगा दिसतो.

गाडीच्या रंगाचा कोड बॉनेटखालच्या किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो. तो सांगून टच-अपची बाटली मागवा, ‘चंदेरी द्या’ म्हणून नाही. चंदेरीचे पाच-पंचवीस प्रकार आहेत. टवका स्वच्छ करा, गंज असेल तर पॉलिश पेपरचा छोटा तुकडा पेन्सिलच्या टोकाला चिकटवून तेवढाच भाग घासा, प्रायमरचा ठिपका द्या. वाळल्यावर काडीच्या टोकाने रंग, एक जाड थेंब नाही, दोन-तीन पातळ. शेवटी क्लिअरचा थेंब. जवळून ठिपका दिसेलच, पण पत्रा वाचेल.

बाईक आणि ट्रॅक्टर

बाईकच्या टाकीवरचे स्टिकर काही मॉडेलमध्ये लॅकरच्या खाली असतात, काहींत वर. बोटाला कड लागली तर तो वर आहे. तिथे पॉलिश नेलं तर कड उचलली जाते. पेट्रोल भरताना सांडलेला ओघळ लगेच पाण्याने धुवा, तो लॅकर मऊ करतो. टाकी छोटी असते, त्यामुळे हाताने पॉलिश करायला सगळ्यात सोपी, आणि शिकायला सगळ्यात चांगली.

ट्रॅक्टरची गोष्ट उलटी. त्यावर बहुधा सिंगल स्टेज रंग असतो. लाल ट्रॅक्टर उन्हाने गुलाबी पडतो ना, ती वरची खडूसारखी पूड आहे. इथे जुन्या मेकॅनिकचा सल्ला अजून शंभर टक्के लागू. कंपाउंडने घासा, फडकं लाल होईल, घाबरू नका, खालून मूळ लाल निघेल. त्यावर वॅक्स लावलं नाही तर मात्र दोन उन्हाळ्यांत पुन्हा गुलाबी.

हात जोडून दुकानात कधी जायचं?

क्लिअर कोट सुटला असेल, रंगाखाली गंजाचे फुगे आले असतील, किंवा आधी किती वेळा रबिंग झालंय तेच माहीत नसेल, तर घरी प्रयोग करू नका. चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं. आधी मोजून दाखवा असं सांगा. न मोजता थेट मशीन सुरू करणाऱ्याकडून गाडी परत घेऊन या.

आणि स्प्रेच्या डबीने घरीच क्लिअर मारायचा विचार असेल, तर दोन भाग मिसळून वापरायचं, ज्याला टू-के म्हणतात, ते लॅकर घरात फवारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वासातून गेले तर कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा कापडी किंवा धुळीचा मास्क ते अडवत नाही. एका पॅनेलचं हे काम रंगवाल्याच्या बूथमध्ये करून घेतलेलं परवडतं.

तिथे गेल्यावर ‘जाऊ दे, रंगच बदलून टाकू’ असा मोह होतो. त्याच रंगात पुन्हा रंगवायला कुठे जावं लागत नाही. पण आरसीवर गाडीच्या रंगाची नोंद असते, त्यामुळे रंग बदलायचा तर आरटीओत ती नोंदही बदलून घ्यावी लागते. एमएच-३६ पासिंगच्या गाडीसाठी ते काम भंडाऱ्यालाच होतं, आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. रंगवाल्याला आगाऊ पैसे देण्याआधी हे विचारून घ्या.